डावा तिचा, उजवा माझा

शिदोरेबाईंचा डावा गुडघा त्यांचा नव्हता. हे मी म्हणत नाही, त्याच म्हणायच्या. पहिल्या दिवशी शेजारच्या खाटेवर पडल्या पडल्या मी सहज विचारलं, "तुमचा कुठला दुखतो हो?" तर म्हणाल्या, "उजवा माझा आहे. हा डावा तिचा." आणि पाहुण्यांच्या पोराला पांघरूण घालावं तसा डाव्या गुडघ्यावरचा पंचा त्यांनी नीट केला.

मी वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर अठ्ठावीस वर्षं काढली आहेत. मीटर उलटा फिरतो म्हणणारी माणसं पाहिली, घराला टाळं असताना बिल आलं म्हणून भांडणारी पाहिली, भिंतीतून वीज आपल्या नावानं हाका मारते म्हणून रडणारी एक बाईसुद्धा पाहिली. तेव्हा विक्षिप्तपणाचं मला काडीचं कौतुक नाही. पण गुडघा दुसऱ्याचा आहे, ही तक्रार माझ्याकडे आधी कधी आली नव्हती. ती कुठल्या रजिस्टरात घालावी तेच मला कळेना.

"तिचा म्हणजे कुणाचा?" मी विचारलं.

"ते तिला विचारा," शिदोरेबाई म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

आमचा हा फिजिओथेरपीचा दवाखाना शनिवार पेठेत, पहिल्या मजल्यावर. गुडघ्यांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर काढणाऱ्याचे स्वतःचे गुडघे फार चांगले असणार. एकोणीस पायऱ्या, त्याही उंच. जिन्याच्या वरच्या टोकाला भिंतीवर एक कागद चिकटवला होता: 'चढताना चांगला पाय आधी. उतरताना दुखरा पाय आधी.' साठी उलटलेल्या आम्ही पाच-सहा जणी सकाळी अकराला हा मंत्र म्हणत चढायचो आणि साडेबाराला तोच उलटा म्हणत उतरायचो. झीज सगळ्यांचीच. फरक इतकाच, की कुणाची एका गुडघ्याची, कुणाची दोन्हींची.

रेश्मा शेख ही आमची फिजिओथेरपिस्ट. तिशीतली, हाताला हलकी, बोलायला गोड. तिच्या आधीची मुलगी लग्न होऊन परदेशी गेली आणि जूनमध्ये ही आली. हिचं घर कित्येक पिढ्या पुण्यातलं, मराठी इतकं स्वच्छ, की माझ्या सुनेला मी तिच्याकडे शिकवणीलाच लावलं असतं. आधी ती गुडघ्यावर गरम पॅक ठेवायची. कोपऱ्यात एक स्टीलची टाकी होती, तिच्यातल्या गरम पाण्यात हे पॅक पडलेले असायचे. झाकण काढलं की वाफ, ठेवलं की टण्ण. मग गुडघ्याभोवती चार छोट्या पट्ट्या चिकटवून करंट, म्हणजे गुडघ्यात मुंग्यांची वरात. आणि शेवटी व्यायाम. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती पायानं खाली दाबून धरायची आणि दहापर्यंत मोठ्यानं मोजायचं. मोठ्यानं का, तर मनात मोजलं की बायका श्वास कोंडून धरतात. त्यामुळे अकरा ते साडेबारा आमच्या त्या खोलीत बालवाडी भरल्यासारखा आवाज असायचा.

शिदोरेबाई मात्र मोजायच्या नाहीत. डोळे मिटून, ओठ घट्ट मिटून पडायच्या, आणि बरोबर दहाला पाय सैल सोडायच्या. मी माझ्या घड्याळावर लावून पाहिलं. एक सेकंद इकडे नाही, एक सेकंद तिकडे नाही.

"काकू, मोठ्यानं मोजा ना," रेश्मा म्हणायची.

"ती मोजतेय की."

रेश्मा माझ्याकडे बघायची, मी छताकडे. म्हातारपणी डोकं थोडं सरकतंच, असं मी मनाशी म्हटलं. माझ्या सासूबाई शेवटी शेवटी कुकरला अहो-जाहो करायच्या.

पण शिदोरेबाईंचं डोकं सरकलेलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. मंडईतल्या गवारीपासून देशाच्या राजकारणापर्यंत सगळ्याचा त्यांना पक्का हिशोब. टोमणा असा मारायच्या, की तो लागलाय हे आपल्याला घरी गेल्यावर कळावं. एकदा मी माझ्या सुनेबद्दल जरा जास्तच बोलले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कदमबाई, तुमची खिडकी बंद झाली तरी कामकाज चालू आहे म्हणायचं." बाकी सगळं लख्ख. फक्त तो डावा गुडघा.

रेश्मा कार्डं घेऊन एकेकीचं नाव पुकारायची. "कुमुद शिदोरे" म्हटलं की शिदोरेबाई बाकावरून उठायच्या. पण लगेच आत जायच्या नाहीत. दारापाशी थांबून जरा बाजूला व्हायच्या, कुणाला तरी पुढे जाऊ द्यावं तशा. मग आत पाऊल टाकायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, मला वाट देताहेत. मी पुढे झाले, तर त्यांनी हातानं मला अडवलं. "लोटू नका हो," म्हणाल्या.

जिन्यात तीच गत. त्या उजव्या कडेनं कठडा धरून उतरायच्या आणि डावीकडे हातभर जागा मोकळी सोडायच्या. जिना आधीच अरुंद, मागे आम्ही सगळ्या खोळंबलेल्या. एक दिवस मला घरी गॅसवाला यायचा होता, म्हणून म्हटलं, "शिदोरेबाई, जरा पलीकडे सरकता का? मी डावीकडून जाते."

"इथे माणूस आहे," त्या मागे न वळता म्हणाल्या.

मी त्या हातभर जागेकडे पाहिलं. पायऱ्या होत्या, भिंतीवर पानाची एक जुनी पिंक होती. माणूस नव्हतं. तरीही मी त्यांच्या मागून पायरी पायरी उतरले, आणि गॅसवाला परत गेला.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. मागून उतरताना माणसाचं दुसरं बघणार काय, पायच दिसतात. शिदोरेबाई उतरताना दर पायरीला डावा पाय आधी टाकत होत्या. म्हणजे नियमाप्रमाणे दुखरा डावा. पण लंगडत होत्या त्या उजव्यावर. उजवा खाली आला की अंग असं कलायचं, की आता पडतात की काय असं वाटावं. दुखतोय उजवा आणि शेकताहेत डावा. दुसऱ्या दिवशी मी हे त्यांना सरळ विचारलं.

"उजवा माझा आहे ना," त्या म्हणाल्या. "माझ्याचं मी बघीन. मी इथे निमित्त."

"निमित्त" हा त्यांचा लाडका शब्द. रेश्मानं करंट वाढवू का विचारलं, की म्हणायच्या, "वाढव. तिला लागत नाहीये. मी निमित्त." एकदा तर रेश्मानं गुडघ्याखाली पांढरा टॉवेल ठेवला तशा म्हणाल्या, "निळा कुठे गेला? निळ्या काठाचा होता ना एक."

रेश्मा थबकली. निळ्या काठाचा टॉवेल तिच्या येण्याआधीच विरून गेला होता. त्याचा एक तुकडा टाकी पुसायला होता, तोही कपाटाच्या तळाशी. आता येणाऱ्या पेशंटला तो दिसायचं काही कारण नव्हतं. रेश्मानं मला हे हळूच सांगितलं आणि वर म्हणाली, "आणि काकू, पहिल्या दिवशी त्यांचा डावा गुडघा वाकवून पाहिला तेव्हा काही म्हणजे काही आवाज नव्हता. आता आहे. वाकवला की कुरकुरतो. माझ्या तळव्याला लागतो. झिजलेला गुडघा वाजतो ना, अगदी तसा." तिच्या दंडावर काटा आलेला मी पाहिला. माझ्याही आला होता, पण मी शाल घेतली.

आणि ते टाकीचं झाकण. ते टण्ण वाजलं की शिदोरेबाई डोळे उघडून कान द्यायच्या. आवाज मोठा झाला की तोंड पाडायच्या. कधी रेश्मानं ते हलकेच ठेवलं, की गालातल्या गालात हसायच्या आणि पुन्हा डोळे मिटायच्या.

असे नऊ-दहा दिवस गेले. मग एका संध्याकाळी मी माझ्या मामेबहिणीकडे, शैलाकडे, तिचा डबा परत करायला गेले. शैला राहते नारायण पेठेत. बोलता बोलता दवाखान्याचा विषय निघाला. मी म्हटलं, "तुमच्या भागातल्याच एक आहेत बघ. कुमुद शिदोरे."

"कुमुद शिदोरे? आमच्याच वरच्या मजल्यावरच्या," शैला म्हणाली. "त्या गेल्या की वैशाखात."

"कुठे गेल्या?"

"कुठे म्हणजे? वैशाखात माणूस महाबळेश्वरलाच जातं असं नाही. वारल्या. तेराव्याला मी स्वतः जाऊन आले. लाडू जरा कडक होते."

"अगं, आज सकाळी मी त्यांच्याशी बोलले. गुडघा शेकत होत्या."

शैलानं माझ्या हातातला कप काढून घेतला. "बीपी कधी तपासलं होतंस?" तिनं विचारलं.

मी पिशवी उचलली आणि निघाले. घरी कशी आले ते सांगता यायचं नाही. रोज जिच्या शेजारी पडते, जिनं मला टोमणे मारले, जिला मी परवा आवळासुपारी दिली आणि जिनं ती खाल्ली, ती बाई वैशाखातच गेली होती. माझी पाचावर धारण बसली. कुठल्या रजिस्टरात घालावं याचा प्रश्नच उरला नाही. रजिस्टरच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जाऊ नये असं ठरवलं आणि पावणेअकरालाच जाऊन बसले. शिदोरेबाई आल्या. भुतांचे पाय उलटे असतात असं लहानपणी ऐकलं होतं, म्हणून आधी पाय पाहिले. उलटे नव्हते. उजवा जरा बाहेर वळलेला होता, पण तसा तर माझाही वळलेला आहे. सावली पाहिली, ती होती. त्यांच्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. मेलेल्या बाईला मेथी कशाला लागेल, एवढ्यावर मी थोडा धीर धरला.

"काय बघताय?" त्यांनी विचारलं.

"मेथी कशी दिली?"

"घेतली तशी दिली," शिदोरेबाई म्हणाल्या. त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्या दाराशी थांबल्या, बाजूला झाल्या, वाट दिली, आत गेल्या.

आता मी जे केलं ते सवयीनं केलं. तक्रार आली आणि आपल्याच्यानं सुटेना, की ती वरच्या साहेबाकडे पाठवायची, हे माझ्या हाडात मुरलंय. मी रेश्माच्या टेबलाशी गेले आणि शैलानं सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. ती आधी घाबरली. मग फाईल काढून बसली. फाईलमध्ये डाव्या गुडघ्याचा जुना एक्स-रे होता, त्यावर नाव कुमुद शिदोरे. पहिल्या पाच सिटिंगांवर आधीच्या मुलीची सही होती. मग मधे दोन महिने काहीच नाही, आणि सहाव्यापासून रेश्माची. रेश्मा उठली ती तडक खाटेपाशी गेली. तिनं शिदोरेबाईंचा डावा नाही, उजवा पाय उघडा केला. गुडघा दोडक्यासारखा सुजलेला होता.

"तुम्ही कुमुदकाकू नाही," रेश्मा म्हणाली. भीती पार गेली होती, आता ती रागावली होती. "इतके दिवस मी चांगल्या पायाला करंट देतेय. आणि हा तुम्ही तसाच घासून काढलात. हा आणखी बिघडला तर कोण जबाबदार? हे कार्ड बंद. उद्या तुमच्या नावाचं नवीन करू आणि उजव्यापासून सुरुवात करू."

त्यावर त्या बाईच्या तोंडावरचा रंगच उतरला. टोमणे मारणारी, ताठ बसणारी ती बाई एकदम लहान दिसायला लागली. तिनं रेश्माचं मनगट धरलं.

"दोन राहिलीत गं," ती म्हणाली. "चौदा झाली. सोळा होऊ दे. आता मोडू नकोस."

खोलीतलं मोजणं थांबलं. मी त्यांच्या खाटेच्या कडेला बसले, कारण हे सगळं माझ्या जिभेमुळे झालं होतं, आणि मला माझी लाज वाटत होती.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं नाव विमल. कुमुद ही त्यांची मोठी जाऊ. दोघा भावांना शेजारी शेजारी फ्लॅट मिळाले, दोन स्वयंपाकघरांमधे एकच भिंत. पापड वाळत घालण्याच्या जागेवरून या दोघींचा अबोला झाला, तो एकोणीस वर्षं टिकला. नवरे गेले, मुलं लांब गेली, अबोला तेवढा राहिला.

"पण अबोला म्हणजे अगदी न बोलणं नव्हे हो," विमलताई म्हणाल्या. "ती भिंतीशी बोलायची. मोठ्यानं. आज नळाचं पाणी लवकर जाणार आहे म्हणे. मंडईत आंबे उतरलेत म्हणे. मी ऐकायची. उत्तर द्यायचं असलं की भांड्यानं द्यायचं. पातेलं आपटलं म्हणजे नाही. झाकण हलकेच ठेवलं म्हणजे बरं. ते आम्ही ठरवलेलं नव्हतं. आपोआप झालं."

कुमुदचा डावा गुडघा गेला तेव्हा भिंतीला ते रोज कळायचं. दवाखाना कसा आहे, मुंग्या कशा येतात, टॉवेल निळ्या काठाचा आहे. घरी व्यायाम करताना ती मोठ्यानं दहापर्यंत मोजायची, आणि पलीकडे विमलताई कणीक मळता मळता ते ऐकायच्या. ते मोजणं त्यांच्या कानात बसलं होतं. अजून बसलंय, म्हणाल्या.

"पाचव्या दिवशी आली आणि भिंतीला म्हणाली, जिना उतरताना फार भीती वाटते. डाव्या हाताला कुणी धरायला असतं तर बरं झालं असतं." विमलताईंनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. "मला वाटलं, नाटकं करते. एकोणीस वर्षांनी बरी आठवण झाली. मी पातेलं आपटलं."

कुमुद दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात गेली नाही. महिनाभर घरातच बसून होती. मग तापाचं निमित्त झालं आणि वैशाखात ती गेली. मुलगा येऊन दिवसकार्य करून गेला, घराची किल्ली विमलताईंकडे ठेवून. त्या देवांना पाणी घालायला म्हणून आत गेल्या, तर देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या मागे, हे कार्ड. सोळा चौकोन. पाच भरलेले, अकरा रिकामे.

"देव्हाऱ्यात ठेवलं होतं, आणि सोळा. म्हणजे काय ते मला कळलं," विमलताई म्हणाल्या. "घरातल्या बाईचं व्रत अर्धं राहिलं तर घरातल्याच दुसऱ्या बाईनं ते पुरं करायचं असतं. नाहीतर ती अडकून राहते. घरात दुसरी बाई म्हणजे मीच उरले. व्रत तिचं, पण पाय कुठून आणू? मग माझा डावा तिला दिला."

मला हसू यायला हवं होतं. फिजिओथेरपीच्या कार्डाचे सोळा सोमवार केलेले मी आयुष्यात पाहिले नव्हते. पण हसू आलं नाही.

"आणि उजवा?" रेश्मानं विचारलं. तिचा राग कधीच गेला होता.

"उजवा दुखू दे. तो पातेल्याचा आहे."

रेश्मानं तो सुजलेला गुडघा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. मग म्हणाली, "करंट नाही देणार. शेक नाही देणार. पण दोन दिवस डाव्याचे व्यायाम घेईन. उजवा दुखतो तेव्हा सगळा भार डाव्यावर येतो, तो बळकट हवाच. तेही सिटिंगच आहे, मी सही करेन. सोळा झाली की मात्र उजवा माझ्या ताब्यात. कबूल?"

विमलताईंनी मान हलवली. मग डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं. "कदमबाई, तुमच्या पोटात तीळ भिजत नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.

सोळावं सिटिंग सोमवारी यावं म्हणून त्यांनी मधे मुद्दाम खाडा केला. सोमवारी त्या नऊवारी नेसून, उपाशी पोटी आल्या. रेश्मानं पुकारलं, "कुमुद शिदोरे." त्या दाराशी बाजूला झाल्या. त्या दिवशी, खोटं कशाला सांगू, मीही झाले.

टॉवेल दाबायची वेळ आली. विमलताई डोळे मिटून पडल्या, आणि आम्ही बाकीच्या कुणी न सांगता गप्प राहिलो. पंखा फिरत होता. दहाव्यांदा त्यांनी पाय सैल सोडला तेव्हा रेश्मानं डावा गुडघा हातात घेऊन हळूच वाकवला. पुन्हा वाकवला. तिसऱ्यांदा वाकवून माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. आवाज नव्हता.

तिनं सोळाव्या चौकोनात सही केली. विमलताईंनी पिशवीतून डबा काढला. कणीक, गूळ आणि तूप घातलेला चुरमा, तीन भाग केलेला. एक देवाला ठेवून आल्या होत्या. दुसरा आम्हा सगळ्यांना. आधी त्यांनी रेश्माला हळदीकुंकू लावायला बोट पुढे केलं आणि मधेच थांबल्या. "तुला लावलेलं चालेल ना गं?"

"लावा काकू," रेश्मा म्हणाली. "आणि प्रसाद? मी घेतलेला चालेल तुम्हाला?"

"व्रत तुझ्या हातानं झालंय. तू नाही खाल्लास तर चालायचं नाही."

तिसरा भाग त्यांनी परत डब्यात घातला. तो घरी, भिंतीशी बसून खायचा होता.

दुपार झाली होती. बाकीच्या गेल्या. रेश्मा आमच्यासाठी रिक्षा बघायला आधीच खाली उतरली, कुलूप लावायला मग परत येणार होती. जिन्याच्या तोंडाशी मी आणि विमलताई दोघीच उरलो. त्यांनी उजव्या हातानं कठडा धरला आणि रोजच्यासारखा डावा पाय पुढे टाकला. मग तो मागे घेतला. भिंतीवरचा कागद वाचला, जणू पहिल्यांदाच वाचतायत. आणि उजवा आधी टाकला.

"आई गं," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून दुखण्याचा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मी मागे उभी होते. त्यांनी डावा हात बाजूला केला. "कदमबाई, इकडे या. मला धरा."

मी त्या हातभर जागेकडे पाहिलं. माझा पाय उचलेना. "तिथे माणूस आहे ना?" मी विचारलं.

"ती पुढे गेली. तिला आता धरायला लागत नाही." त्यांचा हात तसाच अधांतरी होता. "मला लागतं."

मी डावीकडे गेले आणि हात धरला. उजवा, मग डावा. उजवा, मग डावा. चार पायऱ्या झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की विमलताई मोजताहेत. मोठ्यानं. पाच, सहा, सात. दहानंतर त्यांचा आवाज चिरकला, पण थांबल्या नाहीत. एकोणीस म्हणून आम्ही खाली टेकलो.

खाली आल्यावर त्यांनी माझा हात न सोडता दुसरा हात जिन्याच्या भिंतीवर ठेवला. आणि जरा मोठ्यानं, भिंतीला म्हणाल्या, "उतरले म्हणे मी. धरून उतरले. आणि तुला धरायला आले नाही, ते चुकलं माझं."

उन्हात, समोरच्या फुटपाथवर, रेश्मा एका रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होती. वर कुणी नव्हतं. आणि वर झाकण वाजलं. टण्ण नव्हे. कुणीतरी दोन्ही हातांनी धरून, जपून, टाकीवर ठेवावं तसं.

पाणी निवत आलं की झाकण आपोआप बसतं, असं रेश्मा मला नंतर म्हणाली. म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती. असेलही. मी त्याची नोंद कुठेच केली नाही.

"बरं म्हणाली," विमलताई म्हणाल्या. आणि तिथे जिन्याच्या दारात, माझा हात घट्ट धरून, पोर रडावं तशा रडल्या. मीही रडले. माझी कुणी जाऊ नाही, तरी रडले.

रिक्षा समोर येऊन थांबली. रिक्षावाल्यानं आमच्याकडे, मग आमच्या मागच्या रिकाम्या जिन्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती जणी आहात?"

विमलताईंनी पदरानं डोळे पुसले.

"दोघीच," म्हणाल्या.